देव डावीकडे, बस उजवीकडून

लोकांना वाटतं, नोटीस कॅमेरा पाठवतो. अहो, कॅमेऱ्याला कुठली एवढी अक्कल! तो खांबावर बसून फोटो काढतो, नंबरप्लेट वाचतो आणि त्याला जे वाटलं ते फोटोखाली लिहून मोकळा होतो. 'हेल्मेट नाही', 'तिघे', 'उलट्या बाजूने', 'मोबाईल'. पुढे त्या फोटोकडे एक माणूस बघतो. पटलं तर पास, नाही पटलं तर बाद. पास झाला की नोटीस तुमच्या घरी. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मैसूरच्या ट्रॅफिक कंट्रोल रूममध्ये फोटो बघणाऱ्यांपैकी एक मी होते. तेव्हा नोटीस हातात धरून तुम्ही मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्यात, त्या पोचल्या बरं का.

आपल्या मंडळाच्या मंडळींनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मी एएसआय म्हणून निवृत्त झालेली बाई, मला रिपोर्ट लिहिता येतो, लेख नाही. शिवाय आमच्या घरच्या मराठीत अर्धं कानडी. तर म्हणाले, तसंच लिहा, आमच्याही घरी तसंच बोलतात. आता लिहितेय. चुका निघाल्या तर नोटीस पाठवू नका म्हणजे झालं.

आमचं घराणं सैनिकांचं. पणजोबा जुन्या मैसूर संस्थानच्या घोडदळात होते. त्यांच्या तलवारीच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो, तलवार काही कुणी बघितलेली नाही. मी पोलिसात शिरले तेव्हा आत्या म्हणाली, "पणजाने घोडे आवरले, आता ही स्कूटर आवरणार." चेष्टेने म्हणाली, पण बरोबर म्हणाली. घोडा बरा. त्याला लगाम ओढला की कळतं. स्कूटरवरच्या माणसाला शिट्टी वाजवली की तो आधी मागे वळून बघतो, दुसऱ्या कुणाला वाजवली असेल म्हणून.

आमचं गाव म्हणजे सर्कलांचं गाव. सिग्नल नंतर आले, सर्कल आधीची. आणि तरीही सर्कलला गाडी कशी घालायची हे विचारा, दहा जण दहा तऱ्हेने सांगतील. नियम एवढासाच आहे. जो आत फिरतोय त्याचा मान पहिला. तुम्ही बाहेरून येताय, तर वेग कमी करायचा, उजवीकडे बघायचं, कारण आतली गाडी तुमच्याकडे येते ती उजवीकडूनच. जागा मिळाली की शिरायचं, आणि बाहेर पडताना डावा इंडिकेटर द्यायचा. बस. यात न कळण्यासारखं काय आहे? पण "मेडम, मी तर सरळ चाललो होतो" म्हणणारे मी शेकड्याने बघितले. अरे बाबा, सर्कलला कुणीच सरळ जात नाही!

उलट्या बाजूने घुसणाऱ्यांसाठी माझं एक ठेवणीतलं वाक्य होतं. मी विचारायचे, "देवळात उलटी प्रदक्षिणा घालता का हो?" माणूस गोंधळून म्हणायचा, "छे छे." "मग इथे का घालता? देवळात देव उजव्या हाताला ठेवता ना, तसा हा मधला गोल उजव्या हाताला ठेवायचा." हे मात्र लगेच पटायचं. मैसूरच्या माणसाला कायदा सांगितला तर तो वाद घालतो, प्रदक्षिणा सांगितली की मान डोलावतो.

गुडघे बोलायला लागले तेव्हा मला रस्त्यावरून उचलून कंट्रोल रूममध्ये बसवलं. मोठी भिंत, भिंतीभर पडदे, आणि आम्ही चारपाच जण आपापल्या कॉम्प्युटरपुढे. शेजारच्या खुर्चीवर महादेवप्पा. हा सरगूरकडचा, गावी शेती, दर सोमवारी डब्यात काहीतरी ताजं शेतातलं. माणूस सज्जन, पण फोटो बघण्यात भलताच कडक. मशीनने 'मोबाईल' म्हटलं आणि हात कानाजवळ दिसला की पास. मी म्हणायचे, "अहो महादेवप्पा, कान खाजवत असेल." तो म्हणायचा, "मेडम, खाजवायला थांबावं की मग."

मशीनच्याही गमती असत. गणेश चतुर्थीला नवरा-बायको स्कूटरवरून मूर्ती आणतात, मधे गणपती बसवून. मशीन लिहिणार, 'तिघे'. शिवाय 'मधल्याला हेल्मेट नाही'. आम्ही देवाला माफ करायचो, नवऱ्याला हेल्मेट नसलं तर त्याला नाही. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशी तर विचारू नका. सगळ्या गाड्या धुऊन, गंध-कुंकू लावून, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधून निघतात, आणि झेंडूचा हार नेमका नंबरप्लेटवर. मशीनची मती गुंग. त्याहून वाईट म्हणजे दृष्ट काढून रस्त्यावर फोडलेले कोहळे. दृष्ट एका गाडीची निघते आणि घसरते दुसऱ्याची. माझं निम्मं करियर त्या कोहळ्यांच्या फोडी रस्त्यावरून बाजूला लोटण्यात गेलं असं म्हणायला हरकत नाही.

आता मुद्द्याचं सांगते.

सरस्वतीपुरमहून पुढे येताना एक सर्कल आहे. तिथे शिरतानाच डाव्या कोपऱ्यावर गणपतीचं छोटं देऊळ. देवळाला कानडीत गुडी म्हणतात, म्हणून आम्ही पोलीस त्याला गुडी सर्कल म्हणायचो. सकाळी हेब्बाळच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसेस तिथूनच वळतात. आमचा कॅमेरा उजव्या हाताच्या कोपऱ्यावर. आणि या एका कॅमेऱ्याकडून 'मोबाईल' म्हणून इतके फोटो यायचे की विचारता सोय नाही. उघडून बघावं तर मोबाईलबिबाईल काही नाही. माणसाने देवळाकडे मान वळवून एक हात हँडलवरून काढलेला, छातीला लावलेला, ओठाला लावलेला, कानाची पाळी धरलेली. नमस्कार! चालत्या गाडीवरून नमस्कार करायची आमच्याकडे रीतच आहे. आम्ही ते सगळे फोटो बाद करायचो. नमस्कार काही गुन्हा नाही.

त्या फोटोंमध्ये रोज सकाळी एक ओळखीचा माणूस असे. माझा मोठा भाऊ, अण्णा.

अण्णा म्हणजे बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक. आयुष्यभर एकच काम केलं, बसचे ब्रेक. वहिनी गेल्यापासून सरस्वतीपुरमच्या घरात एकटा. रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून, जुनी स्कूटर काढून डेपोतल्या जुन्या दोस्तांबरोबर कॉफी प्यायला निघायचा. मोबाईल घरीच, टीव्हीवर ठेवलेला. "मी काय कलेक्टर आहे, रस्त्यात फोन यायला?" म्हणायचा. मुलगी सुमी पुण्याला. ती दर रविवारी फोनवर एकच पाढा म्हणायची, "बाबा, स्कूटर विका. वय झालं. रिक्षाने जा." अण्णा एकच उत्तर द्यायचा, "स्कूटर गेली की मी खुर्चीत बसणार, आणि खुर्चीत बसलो की भिंतीवर जाणार, तुझ्या आईशेजारी." मग सुमी मला फोन करायची, "आत्या, तूच सांग ना त्यांना." मी काय सांगणार? दोघांचंही मला पटायचं. वरून मी त्याला रोज पडद्यावर बघत होते, धडधाकट, हेल्मेट नीट बांधलेला, गणपतीला मनापासून नमस्कार करणारा. बघून मला बरंच वाटायचं, खोटं कशाला सांगू. भावाचा फोटो बाद करायचा आणि पुढच्या फोटोकडे वळायचं, अशी माझी सकाळ.

एकदा मी सासरकडच्या एका लग्नाला म्हणून रजेवर गेले. माझे फोटो महादेवप्पाकडे. त्याला अण्णा कुठे माहीत? हात कानाजवळ दिसला, पास!

परत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी कंट्रोल रूमच्या दारात आरडाओरडा. बघते तर अण्णा, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात नोटीस, दारावरच्या शिपायाला ढकलून आत.

"कोण तो शहाणा? मी मोबाईल वापरतो? मी? अरे, माझा मोबाईल टीव्हीवर असतो, टीव्हीवर!"

"अण्णा, हळू," मी म्हटलं.

"हळू काय? काय गं तारे, तुझ्या राज्यात हे असं? गणपतीला हात जोडला म्हणून दंड? उद्या शिंकलो तर जेलमध्ये घालाल!"

महादेवप्पा उठून उभा राहिला. बिचारा लाजला होता. मी अण्णाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हटलं, "बस. तक्रार आली की आम्ही फोटोच्या आगेमागचा व्हिडिओ बघतो. तुझ्यासमोर बघू, तुझ्यासमोर रद्द करू. मग तर झालं?"

"लाव," अण्णा म्हणाला. विजयी वीरासारखा पाय पसरून बसला.

मी व्हिडिओ लावला. पडद्यावर अण्णा आला, शांतपणे, बेताच्या वेगाने. "बघ, किती हळू चाललोय," अण्णा म्हणाला. पडद्यावरच्या अण्णाने मान डावीकडे वळवली, हात छातीला नेला, ओठाला नेला, कानाला लावला. "बघ! दिसतोय का मोबाईल?" अण्णा महादेवप्पाकडे वळून म्हणाला. महादेवप्पाने हात जोडले.

तेवढ्यात पडद्यावर उजवीकडून बस आली.

कंपनीची मोठी बस, सर्कलच्या आत फिरत. अण्णाची मान अजून डावीकडेच, आणि स्कूटर आपली हळूहळू आत शिरतेय, बसच्या पुढ्यात. बस थांबली. अण्णाने मान सरळ केली आणि निघून गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही. पाठीमागे बस तशीच उभी.

मग अण्णा हळूच म्हणाला, "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं. तो खुर्चीतून उठला, पडद्याजवळ गेला. बस थांबते तिथे बोट ठेवून म्हणाला, "इथे थांबव. नाक बघ बसचं. किती खाली गेलंय. मागचा भाग वर उचललाय. पुरता दाबलाय त्याने ब्रेक, पायात होती नव्हती ती ताकद लावून. आतली माणसं सीटवरून पुढे आली असतील." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चांगले होते म्हणून लागले. ब्रेक जरा ढिले असते, तर तू आज माझ्या सुतकात बसली असतीस, तारे."

इतकी वर्षं रस्त्यावर काढली, नको नको ते बघितलं, पण घरच्या माणसाचं बघायची सवय कुणाला असते? आणि त्याहून मला लागलं ते दुसरंच. त्या सर्कलच्या नमस्कारांचे फोटो मी ढिगाने बाद करत होते, आणि बाद करणं बरोबरच होतं. पण सगळ्यांची मान एकाच बाजूला वळते, आणि ती नेमकी चुकीची बाजू, हे त्या एकेका फोटोत दिसत नव्हतं. फोटोत फक्त माणूस असतो. बस फोटोच्या बाहेर असते.

नोटीस मी तिथल्या तिथे रद्द केली. अण्णाने ते बघितलंही नाही. बाहेर व्हरांड्यात आलो तेव्हा त्याने स्कूटरची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"सुमीचं खरं. विकून टाक."

माझ्या भावाला मी एवढं म्हातारं कधी बघितलं नव्हतं. जिन्याचा कठडा धरून उभा होता. क्षणभर वाटलं, घ्यावी किल्ली. जीव महत्त्वाचा, सुमीही सुटेल. पण मग त्या घरातली टीव्हीसमोरची खुर्ची डोळ्यांपुढे आली.

"तुझ्या हाताला काय झालंय?" मी म्हटलं. "डोळे ठीक, पाय ठीक, वेग गोगलगाईचा. तुझं चुकतं एवढंच की तू थांबत नाहीस. देवासाठी थांब. गुडीसमोर डावीकडे जागा आहे, तिथे स्कूटर घे, पाय टेकव, दोन्ही हातांनी नमस्कार कर. मग उजवीकडे बघ, आणि मग सर्कलात शीर. चालता चालता कसला रे नमस्कार? आपल्या घरी कुणी चालता चालता राम राम केला तर आवडतं का तुला?"

अण्णाने किल्ली परत घेतली. "एक अट. तू रोज बघायचंस. एक दिवस जरी न थांबता गेलो, तर नोटीसबिटीस नको, सरळ येऊन किल्ली घे. आणि सुमीला मीच सांगेन."

त्याने खरंच सांगितलं. सुमी रडली, चिडली, दोन दिवस बोलली नाही. मग मला म्हणाली, "आत्या, तू बघते आहेस ना? नक्की?" मी म्हटलं, "डोळ्यात तेल घालून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडद्यापुढे बसले, महादेवप्पाही खुर्ची सरकवून आला. रोजची वेळ झाली, अण्णा नाही. कॉफी आली, निवली, अण्णा नाही. फोन लावावा तर तो टीव्हीवर. माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. महादेवप्पा म्हणाला, "मेडम, येतील. पावसाची वाट बघतो ना आम्ही, तसं बघायचं." आणि बऱ्याच उशिरा अण्णा दिसला. तोही स्कूटरवर नाही, तर गुडीच्या दारातून चालत बाहेर येत होता, हातात प्रसादाचा द्रोण. तो आधीच येऊन, गाडी बाजूला लावून आत गेला होता! देवळाच्या आडोशाला लावलेली स्कूटर कॅमेऱ्यात दिसतच नव्हती.

नंतर कळलं की तो आत भट्टरांशी, म्हणजे पुजाऱ्यांशी, वाद घालत होता. भट्टर म्हणाले, लोकांना श्रद्धेने हात जोडायचे तर मी कोण थांबवणार? अण्णा म्हणाला, "स्वामी, हात जोडू देत. फक्त थांबून जोडू देत. देव डावीकडे आहे, पण यम उजवीकडून येतो, आणि त्याच्या बसचे ब्रेक आता मी बघत नाही." भट्टर खो खो हसले म्हणे, आणि तीर्थ देताना प्रत्येकाला हेच वाक्य सांगायला लागले. पुढे देवळाच्या भिंतीवर कानडीत लिहून घेतलं, 'निंतु नमस्कार माडि', म्हणजे थांबून नमस्कार करा. मीही साहेबांना रीतसर कळवलं. गुडीसमोर उभ्या राहणाऱ्या गाड्या हलल्या, थांबायला आणखी जागा झाली. सगळे थांबतात का? नाही हो. अजूनही काही शूर आहेत. पण बरेच थांबतात, आणि एक थांबला की मागचा लाजेने थांबतो.

अण्णा मात्र रोज थांबला. पाय टेकवायचा, देवाला हात जोडायचा, मग मान उजवीकडे वळवायचा. उजवीकडे आमचा कॅमेरा, त्यामुळे त्याचा चेहरा थेट माझ्या पडद्यावर. रोज सकाळी भाऊ माझ्याकडे बघतो आहे असं वाटायचं. बस निघून गेली की तोही निघायचा. हे रस्त्यावरच्या नोकरीत कधी मिळालं नाही. तिथे लोक शिट्टी ऐकतात आणि पळतात, थांबलेला माणूस आठवत नाही.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी सकाळी ऑफिसात हारतुऱ्यांची गडबड. तरी मी खुर्ची सोडली नाही. गुडी सर्कलचा एक फोटो आला. खाली मशीनने लिहिलेलं, 'मोबाईल'. बघते तर अण्णा. हाताची मूठ कानाला लावून, अंगठा आणि करंगळी ताठ, मुलं खोटा खोटा फोन करतात ना, तस्सा. कॅमेऱ्यात बघून दात काढून हसत होता.

महादेवप्पा वाकून बघायला लागला. "मेडम, या वेळी खरंच फोन लावलाय. पास करू?"

"पाय बघा आधी," मी म्हटलं.

पाय जमिनीवर टेकलेला होता. मी तो फोटो बाद केला. तो माझा शेवटचा.

संध्याकाळी हार घेऊन अण्णाच्या घरी गेले आणि विचारलं, "काय बोलत होतास रे फोनवर?"

"विचारत होतो, उद्यापासून मला कोण बघणार?"

"गणपती."

"तो डावीकडचा. उजवीकडचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेल्मेट घालून त्याच्या दारात उभी राहिले आणि स्कूटरवर मागे बसले. कॉफी प्यायला मलाही आता वेळच वेळ होता. गुडीसमोर अण्णाने स्कूटर बाजूला घेतली, पाय टेकवला, हात जोडले. मीही जोडले. आणि जन्माची सवय, तोंडातून निघूनच गेलं, "अण्णा, उजवीकडे बघ."

"बघतोय की!" तो खेकसला. "रिटायर झालीस ना तू? गप्प बस मागे."

उजवीकडून बस येत होती. अण्णाने ती जाऊ दिली, तिच्यामागची रिक्षा जाऊ दिली, आणि मग मधला गोल उजव्या हाताला ठेवून आम्ही सर्कलात शिरलो.